बेरीज बरोबर, वाटणी चूक

आजच्या भागात कोड कमी आणि आईचे पाय जास्त.

आईच्या उजव्या गुडघ्याचं ऑपरेशन झालं, त्याला तीन महिने झाले होते. मी विचारलं, "आई, उजव्या पायावर नीट भार देतेस ना?" ती म्हणाली, "अरे, अगदी पहिल्यासारखी चालते." मला मात्र ती डावीकडे कललेली वाटायची. मग काय, इंजिनिअर मुलगा! तिच्या कमरेला मोबाइल बांधला आणि हॉलमध्ये फेऱ्या मारायला लावल्या.

फोनमध्ये ॲक्सेलरोमीटर असतो. फोन स्थिर असताना तो ९.८ दाखवतो, ते गुरुत्वाकर्षणामुळे. चालताना शरीर वरखाली होतं, तसा तो आकडा बदलतो. त्याला आईच्या ६२ किलोंनी गुणलं की जमिनीवर एकूण किती बल पडतंय, याचा अंदाज येतो. न्यूटनचा दुसरा नियम, शाळेतलाच.

एक पाय हवेत असतो तेव्हा सोपं आहे. सगळं बल टेकलेल्या पायाचं. पण पुढची टाच टेकते तेव्हा मागचा पाय अजून उचललेला नसतो. साधारण २० टक्के वेळ दोन्ही पाय जमिनीवर असतात. तेव्हा फोनला फक्त बेरीज कळते. समीकरण एक, अज्ञात संख्या दोन!

मी काय केलं? बेरीज सरळ अर्धी-अर्धी वाटली. दोन्ही पायांचे ग्राफ जवळपास सारखे आले. आई म्हणाली, "बघ, सांगत होते ना!"

फिजिओथेरपिस्ट मॅडमना ग्राफ दाखवला. त्यांनी दोन साधे वजनकाटे शेजारी ठेवले आणि आईला एकेका काट्यावर एकेक पाय ठेवून उभं केलं. डावा ३७, उजवा २५. बेरीज ६२च.

आई जरा वेळ गप्प होती. मग म्हणाली, "भीती वाटते रे. पुन्हा काही झालं तर?"

म्हणजे बघा, दोन्ही पाय सारखे हे मी मोजलंच नव्हतं. मी ते कोडमध्ये लिहिलं होतं.

प्रत्येक पायाचं बल हवं असेल तर मोजमाप पायाखालीच लागतं. एकोणिसाव्या शतकात फ्रान्समध्ये एतिएन-ज्यूल मारे यांनी बुटाच्या तळव्यात हवेची पोकळी ठेवून पावलांचा दाब नोंदवला होता. आज प्रयोगशाळेत जमिनीत फोर्स प्लेट बसवतात, एका पायाला एक.

माझ्या ॲपमध्ये आता भार मागच्या पायावरून पुढच्या पायावर हळूहळू सरकतो. तरी तो वक्र निरोगी चालीवरून घेतलेला, म्हणून स्क्रीनवर ठळक लिहिलंय: 'अंदाज'.

आई रोज सकाळी दोन काट्यांवर उभी राहते. काल ३३ आणि २९ आले. तिने स्वतःहून मला हाक मारून दाखवलं.

घरी कुणाचं असं ऑपरेशन झालं असेल, तर "बरं आहे" एवढ्यावर थांबू नका. फिजिओला विचारून हे नक्की करून बघा. भेटू पुढच्या भागात!