उजेड कुणाचा, निवड कुणाची?

(रात्रीच्या प्रकाशकला-उत्सवासाठी कलाकार निवडणाऱ्या समितीवर काम केलेल्या एका मैत्रिणीने कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेलं हे भाषण. बोलण्याची ढब शक्यतो तशीच ठेवली आहे. – संपादक मंडळ)

काल रात्री जेवणं झाल्यावर तुमच्यातल्या एकीने मला विचारलं, "ताई, आमच्या गल्लीतला दिवा लागावा म्हणून आम्ही दोन वर्षं वॉर्ड ऑफिसच्या पायऱ्या झिजवतोय. आणि तुम्ही आम्हाला दिव्यांच्या कलेबद्दल काय सांगणार?" प्रश्न रास्त आहे. मी उत्तर लगेच दिलं नाही. आज तिथूनच सुरुवात करते, कारण मला जे बोलायचं आहे ते त्या गल्लीपासून फार लांब नाही.

मी नाटकांची प्रकाशयोजना करते. या धंद्यात आले तेव्हा शिडीवर चढायला लागले की खालून आवाज यायचा, "ताई, तुम्ही राहू द्या, पोरं चढतील." पोरं चढायची आणि दिवा भलतीकडेच लावून उतरायची. मग मी पुन्हा चढायची. असो. सांगायचं हे की दिवे मला परके नाहीत. समित्या मात्र परक्या होत्या.

असे उत्सव कसे असतात ते थोडक्यात सांगते. थंडीच्या दिवसांत तीन-चार रात्री शहरातल्या जुन्या इमारती, पूल, बागा, घाट यांच्यावर कलाकार उजेडाची कामं मांडतात. कुठे भिंतीवर हलती चित्रं, कुठे झाडांत लटकवलेले कंदील, कुठे नुसत्या सावल्या. लोक पायी फिरत बघतात. तिकीट बहुधा नसतं. जगात सगळ्यात नावाजलेला असा उत्सव फ्रान्समधल्या ल्यों शहराचा. त्याची गोष्ट ऐकण्यासारखी आहे. १८५२ साली तिथल्या फूर्विएर टेकडीवर मेरीमातेचा पुतळा बसवायचा होता. समारंभ आधी सप्टेंबरात ठरला, पण नदीला पूर आला म्हणून ८ डिसेंबरवर गेला. त्या दिवशी वादळ झालं. मोठ्या मंडळींनी रोषणाई रद्द करायचं मनावर घेतलं. संध्याकाळी आभाळ निवळलं, आणि लोकांनी कुणाला न विचारता आपापल्या खिडक्यांत मेणबत्त्या लावल्या. दर वर्षी ८ डिसेंबरला खिडकीत रंगीत काचेच्या पेल्यांत दिवे लावायची चाल तिथून पडली. पुढे १९८९ मध्ये नगरपालिकेने सगळ्या शहराच्या प्रकाशाची योजना आखली, आणि १९९९ पासून तो अनेक रात्रींचा, कलाकारांना बोलावून केलेला मोठा उत्सव झाला. पाहुणे लाखोंनी येतात. २०१५ मध्ये नोव्हेंबरात पॅरिसमध्ये दहशतवादी हल्ले झाले, म्हणून मोठी प्रदर्शनं रद्द झाली. तेव्हा काय राहिलं? खिडक्यांतले दिवे राहिले. लोकांनी ते मेलेल्यांच्या आठवणीसाठी लावले.

(जाता जाता: ल्यों हे रेशमाचं गाव. १८६९ मध्ये तिथे रेशमाला पीळ देणाऱ्या बायकांनी मोठा संप केला होता. तो किती जणींनी ऐकलाय? हात वर करा. बघा!)

म्हणजे उत्सव दोन. एक खिडकीतला, ज्याला निवड समिती लागत नाही. दुसरा चौकातला, ज्यात कोण मांडणार हे कुणीतरी बंद खोलीत ठरवतं. आपल्याकडेही तेच. माहीमच्या कंदील गल्लीत दिवाळीच्या आधी आकाशकंदील विकायला लागतात. घरात बसून कागद कापणारे, चिकटवणारे हात बरेचसे बायकांचे असतात. त्याला आपण कला म्हणत नाही, 'सीझनचं काम' म्हणतो. पण पणतीचं गोड कौतुक करून बाईला परत उंबऱ्यावर नेऊन बसवायला मी इथे आलेली नाही. खिडकी आपली आहेच. मला चौकाबद्दल बोलायचं आहे.

आता माझ्या समितीची गोष्ट. शहराचं नाव सांगत नाही, सांगून उपयोगही नाही. सात जण होतो, त्यात बायका दोघी. पहिल्याच बैठकीत एक गृहस्थ म्हणाले, "आपण बाई-पुरुष बघायचंच नाही, फक्त गुणवत्ता बघायची." सगळ्यांनी माना डोलावल्या. मीही डोलावली. मग अर्जांचे गठ्ठे आले आणि माझ्या लक्षात आलं की गुणवत्ता बघायची वेळ यायच्या आधीच निवड होऊन गेली होती. ती अर्जाच्या छापील कागदाने केली होती.

काय होतं त्या कागदात? गेल्या तीन वर्षांत मोठ्या सार्वजनिक जागेत केलेली दोन कामं दाखवा. अनामत रक्कम भरा. सामानाचा खर्च आधी स्वतः करा, बिलं दिल्यावर परत मिळेल. चाचणी रात्री अकरानंतर, येण्याजाण्याची सोय तुमची तुम्ही. एकेक अट वाचली तर साधी वाटते. अटी एकत्र वाचा. ज्या बाईला आजवर कुणी चौक दिला नाही तिने चौकात केलेली दोन कामं आणायची कुठून? जिच्या नावावर घर नाही, बँकेत पैसा नाही, तिने प्रोजेक्टरचं भाडं आधी भरायचं कसं? आणि रात्रीचं काम. उजेडाचं काम अंधारातच तपासावं लागतं, त्याला इलाज नाही. दुपारी तीनला भिंतीवर काही दिसत नाही. पण रात्री दोन वाजता काम संपल्यावर बाई घरी कशी जाणार, याचं उत्तर कागदात नव्हतं. महाराष्ट्रात २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर बाईला कामावर ठेवायचं तर तिची संमती आणि संरक्षण, वाहतूक यांची सोय लागते. कलाकार मात्र कुणाची नोकर नसते, म्हणून तिची जबाबदारी कुणाचीच नाही.

त्या गठ्ठ्यात एक वेगळा अर्ज होता. फुलस्केप कागदावर, हाताने लिहिलेला. एका वस्तीतल्या बायकांचा गट. त्या कंदील करून विकतात. त्यांनी लिहिलं होतं की वस्तीतून सार्वजनिक संडासाकडे जाणाऱ्या वाटेवर दिवा नाही. त्या वाटेवर दोन्ही बाजूंनी कंदील लावायचे. प्रत्येक कंदिलावर ती वाट वापरणाऱ्या एकेका बाईने स्वतःबद्दल एक ओळ लिहायची. शहराने रात्री तिथून चालत जावं. सोबत एक फोटो, जरा हललेला.

मैत्रिणींनो, गठ्ठ्यातली ती सगळ्यात चांगली कल्पना होती. मी तीस वर्षं उजेडाचं काम करते, मला कळतं. एकजण म्हणाले, "छान आहे, पण हे हस्तकलेच्या स्टॉलला पाठवू या." एक अधिकारी म्हणाले, "पाहुण्यांना संडास दाखवायचा का?" हशा झाला. अर्ज बाजूला गेला. आणि मी गप्प बसले. मी पहिल्यांदाच समितीवर होते, दुसऱ्या वर्षीही बोलावणं यावं असं वाटत होतं, आणि खरं सांगायचं तर त्या अर्जाची बाजू घेतली तर माझीही गणना 'हस्तकलेत' होईल अशी भीती वाटली. दुसऱ्या बाईही गप्प. नंतर जिन्यात आम्ही दोघी एकमेकींकडे बघत नव्हतो.

यादी लागली तेव्हा तिच्यात बाईचं नाव एक. विचारलं तर उत्तर ठरलेलं: "या माध्यमात बायका सापडतच नाहीत हो." सापडत नाहीत? नलिनी मलानी कित्येक वर्षं फिरत्या चित्रांतून, सावल्यांतून, भिंतीवरच्या उजेडातून काम करतात. शीबा छाछी स्त्री-चळवळीत वाढलेल्या. त्यांनी २००८ मध्ये दिल्लीत सार्वजनिक कलेच्या एका उत्सवात जुन्या ग्रंथालयात उजेडाच्या पेट्या मांडून पाण्याची गोष्ट सांगितली. मलानींचीच आणखी एक गोष्ट. त्यांनी १९७९ मध्ये न्यूयॉर्कला बायकांनी चालवलेली ए.आय.आर. ही गॅलरी पाहिली आणि ठरवलं की आपल्याकडे असं काही करायचं. जमायला वर्षं गेली. शेवटी १९८७ ते १९८९ मध्ये अर्पिता सिंग, निलिमा शेख, माधवी पारेख आणि त्या स्वतः, अशा चौघींचं प्रदर्शन गावोगाव फिरलं. कुणी निवडेल म्हणून त्या थांबल्या नाहीत.

मग नावं झाकून निवड करावी का? काही जणी हे सुचवतात. अमेरिकेतल्या वाद्यवृंदांनी सत्तरच्या दशकापासून परीक्षकांपुढे पडदा लावला, काही ठिकाणी सतरंजी घातली, कारण टाचांच्या आवाजावरून बाई ओळखू यायची. पुढच्या काळात तिथे बायका वाढल्या. पडदा हे त्याचं एकच कारण होतं असं मी म्हणणार नाही. पहिल्या फेरीला पडदा जरूर लावा. पण त्या फुलस्केप कागदाला पडद्याचा काय उपयोग? नाव झाकलं तरी कागद, अक्षर आणि हललेला फोटो बोलतातच. पडदा बाईला थोडा वाचवतो, गरीब बाईला वाचवत नाही.

उपाय आहेत. इंग्लंडमध्ये डरॅम या खाणकामगारांच्या भागातल्या शहरात २००९ मध्ये असाच उत्सव सुरू झाला. तिथे एक वेगळी योजना होती: उजेडाच्या कामाचा अनुभव नसला तरी चालेल, कल्पना द्या, ती उभी करायला जाणकार माणसं आम्ही देतो. बघा, एका ओळीने अट उलटी झाली.

आणखी एक गोष्ट माझ्या डोक्यातून जात नाही. २००१ मध्ये मेक्सिकोच्या तिहुआना शहरात क्रिस्तोफ वोदिच्को या कलाकाराने तिथल्या कारखान्यांत राबणाऱ्या बायकांबरोबर काम केलं. बाईच्या डोक्याला कॅमेरा आणि माइक बसवला, आणि तिचा चेहरा त्याच क्षणी सांस्कृतिक केंद्राच्या प्रचंड गोल घुमटावर उमटला. खाली चौकात गर्दी. बाई बोलत होती: कारखान्यातली पिळवणूक, पोलिसांचा त्रास, घरातला अत्याचार. घुमट बोलत होता म्हणा ना. त्यासाठी तिथल्या बायकांच्या गटांबरोबर बराच काळ तयारी केली होती, एकदम कुणाला उभं केलं नव्हतं. मला हे काम फार मोठं वाटतं. तरी एक प्रश्न विचारतेच: आपल्याला नाव माहीत आहे ते वोदिच्कोचं. ज्यांचा चेहरा होता, ज्यांचं जगणं होतं, ज्यांनी धोका पत्करला, त्या कलाकारांच्या यादीत कुठे आहेत? काही जणींना नाव नको असेल, ते समजू शकतं. पण विचारायला हवं. मानधन कुणाच्या हातात पडलं, हेही.

एक इशारा. हल्ली पालिका म्हणायला लागल्या आहेत की दिव्यांच्या उत्सवाने शहर बायकांसाठी सुरक्षित होतं. चार रात्री पोलीस, गर्दी, संगीत. पाचव्या रात्री काय? शिल्पा फडके, समीरा खान आणि शिल्पा रानडे यांनी मुंबईवरच्या २०११ च्या पुस्तकात मांडलंय की बाईला बाहेर असायला नेहमी काहीतरी कारण दाखवावं लागतं, नुसतं रेंगाळायचा हक्क तिला नाही. उत्सव हे आणखी एक कारण झालं. २०२४ च्या ऑगस्टमध्ये कोलकात्यात इस्पितळात तरुण डॉक्टरवर बलात्कार करून तिचा खून झाला. तेव्हा बायका मध्यरात्री रस्त्यावर उतरल्या, हातात मेणबत्त्या आणि मोबाइलचे दिवे. सप्टेंबरात तासभर घरोघरचे दिवे मालवून निषेध झाला. त्या उजेडाला आणि त्या अंधाराला कुणाची परवानगी नव्हती.

तर काल प्रश्न विचारणाऱ्या मैत्रिणीला माझं उत्तर असं. तुझ्या गल्लीतला दिवा हा हक्क आहे. तो उत्सवाच्या पैशातून भीक म्हणून मागायचा नाही, त्यासाठी पायऱ्या झिजवणं चालूच ठेव. पण चौकाच्या भिंतीवर काय दिसणार हे ठरवायला तू त्या खोलीत असायला हवीस, कारण खर्च तुझ्याही करातून होतो.

या वर्षी मला पुन्हा बोलावणं आलं आहे. आधी कळवलंय की अर्जाचा कागद बदलल्याशिवाय येणार नाही. त्यांनी मसुदा पाठवा म्हटलं. त्यात मी लिहिलंय: पूर्वानुभवाची अट नको. अर्ज मराठीत, हाताने लिहिलेला किंवा तोंडी सांगितलेलाही चालेल. अनामत नाही, सामानाचे पैसे आगाऊ. रात्रीच्या चाचणीला गाडी आणि जवळ उघडा, स्वच्छ संडास. समितीत निम्म्या बायका, त्यातली एक तरी जागेच्या आसपास राहणारी. आणि समितीने निवडीआधी त्या जागांवर रात्री पायी फिरायचं, गाडीत बसून नाही. यातलं काय सुटलंय ते तुम्ही सांगायचं. अपंग मैत्रिणींचं एक कलम मला नीट लिहिता आलेलं नाही.

कंदील करणाऱ्या त्या गटाकडे मी गेल्या महिन्यात गेले होते. माफी मागितली. त्यांच्यातली एक म्हणाली, "अर्ज परत देऊ, पण या वेळी लिहून तुम्ही द्यायचा नाही, आम्हीच लिहू." कागद शनिवारपर्यंत जायचा आहे. मसुद्याच्या प्रती त्या टेबलावर आहेत. चहा घेऊन बसू या, पेन्सिली आणा.