शाळेतील यंत्र आणि गुरुजींची दहा मिनिटे

(केंद्रस्तरीय शिक्षण परिषदेत शिक्षक, शाळा व्यवस्थापन समित्यांचे सभासद आणि ग्रामपंचायत सदस्य यांच्यासमोर केलेल्या भाषणाचा मजकूर)



'वर्गाध्यापन आणि आधुनिक तंत्रसाधने' या विषयावर मी बोलावे असे केंद्रप्रमुखांनी सुचविले, तेव्हा मी प्रथम संकोचलो. मी कला शाखेचा पदवीधर आणि नोकरी माहिती खात्यातील. यंत्राच्या पोटात काय चालते हे येथील तरुण शिक्षकांना माझ्याहून अधिक ठाऊक आहे. परंतु संदेश पोहोचणे निराळे आणि तो उमगणे निराळे, या एका गोष्टीचा आमच्या खात्याला दीर्घ अनुभव आहे. त्या अनुभवाच्या आधारेच चार शब्द बोलण्याचे धाडस करीत आहे.

प्रारंभ आपल्याच भूमीवरील एका प्रयोगाने करतो. १९५६ साली, तत्कालीन मुंबई राज्यातील पाच मराठी जिल्ह्यांत, आकाशवाणीच्या पुणे केंद्राने युनेस्कोच्या साह्याने ग्रामीण चर्चामंडळांचा उपक्रम हाती घेतला. सुमारे दीडशे गावांत अशी मंडळे स्थापन झाली. आठवड्यातून दोन वेळा, प्रत्येकी अर्धा तास, याप्रमाणे दहा आठवड्यांत वीस कार्यक्रम प्रसारित करण्यात आले. गावकरी एकत्र बसून कार्यक्रम ऐकत आणि रेडिओ बंद झाल्यावर त्यावर आपसांत चर्चा करीत. चर्चेतून निघालेले प्रश्न पुण्यास पाठविले जात व त्यांची उत्तरे पुढील कार्यक्रमांतून दिली जात. या उपक्रमाचे मूल्यमापन मुंबईच्या टाटा समाजविज्ञान संस्थेने केले. चर्चामंडळे असलेली गावे, रेडिओ आहे पण मंडळ नाही अशी गावे आणि रेडिओही नाही अशी गावे यांची तुलना करण्यात आली. मंडळे असलेल्या गावांतील लोकांच्या ज्ञानात ठळक भर पडल्याचे दिसून आले. केवळ रेडिओ असलेल्या गावांत ती भर त्यामानाने फारच थोडी होती.

सदस्यहो, रेडिओ तोच, कार्यक्रम तेच, भाषाही तीच. फरक होता तो रेडिओ बंद झाल्यानंतरच्या वेळाचा. आज आपल्या शाळांत आलेल्या दूरदर्शन संचाकडे, प्रक्षेपकाकडे आणि भ्रमणध्वनीकडे मी याच दृष्टीने पाहतो. संच किती शाळांत पोहोचले, ही आकडेवारी आम्ही माहिती खात्याचे लोक मोठ्या उत्साहाने छापतो. संच बंद झाल्यावर वर्गात काय घडले, याचा रकाना मात्र आमच्या तक्त्यांत नसतो.

१९७५-७६ मध्ये उपग्रहाद्वारे दूरदर्शनचे शैक्षणिक कार्यक्रम देशातील सहा राज्यांतील सुमारे २,४०० खेड्यांत वर्षभर दाखविण्यात आले. 'साइट' या नावाने तो प्रयोग प्रसिद्ध आहे. महाराष्ट्र त्या सहा राज्यांत नव्हता. प्राथमिक शिक्षकांना विज्ञान शिकविण्याचे प्रशिक्षणही त्या काळात उपग्रहामार्फत देण्यात आले. परंतु ते केवळ पडद्यावर सोपविलेले नव्हते. पडद्यावरील पाठाला रेडिओची, लेखी साहित्याची आणि हाताने करावयाच्या प्रयोगांची जोड होती. पुढे १९८४ मध्ये पुण्यात बालचित्रवाणी सुरू झाली आणि २०१७ मध्ये ती बंदही झाली. साधने येतात आणि जातात. अलीकडील उदाहरण घ्यावयाचे तर, माढा तालुक्यातील परितेवाडीच्या जिल्हा परिषद शाळेतील शिक्षक श्री. रणजितसिंह डिसले यांना २०२० साली जागतिक शिक्षक पुरस्कार मिळाला. पाठ्यपुस्तकांत क्यूआर कोड वापरण्याच्या त्यांच्या कामाची त्या वेळी सर्वत्र वाखाणणी झाली. आता बालभारतीच्या पुस्तकांतील हे कोड सर्वांच्या परिचयाचे आहेत. कोड उघडणे सोपे आहे. तो उघडण्यापूर्वी मुलांना कोणता प्रश्न विचारावयाचा, हे मात्र पुस्तकात छापलेले नसते.

माझ्या बालपणीची एक आठवण सांगतो. खडू-फळा मोहिमेच्या काळात आमच्या शाळेत विज्ञानाची एक पेटी आली होती. तीत भिंग होते, चुंबक होते, काचेच्या नळ्या होत्या. ती पेटी कपाटात असे आणि कपाटाची किल्ली मुख्याध्यापकांच्या खिशात. तपासणीच्या दिवशी ती टेबलावर मांडली जाई आणि आम्ही ती रांगेने पाहून पुढे सरकत असू. आमचे गुरुजी वाईट नव्हते. वस्तू फुटली तर भरपाई आपल्या पगारातून करावी लागेल, या भयाने ते ग्रासलेले होते. आज संचावर घातलेले भरतकामाचे आच्छादन पाहिले की मला ती किल्ली आठवते. जडसंग्रह नोंदवहीतील वस्तू वापराने झिजली तर तो शिक्षकाचा अपराध समजू नये, एवढे अधिकाऱ्यांनी तोंडी नव्हे तर लेखी कळविले, तर पुष्कळ कपाटे उघडतील असे मला वाटते.

आता प्रत्यक्ष अध्यापनाकडे वळू. ऋतू कसे होतात, हा पाठ घ्या. त्यावर सुंदर चित्रफिती उपलब्ध आहेत. पृथ्वी फिरते, अक्ष कललेला दिसतो, मुले तन्मयतेने पाहतात आणि आठ दिवसांनी विचारले तर उन्हाळ्यात सूर्य जवळ येतो असे सांगतात. म्हणून चित्रफीत प्रथम दाखवू नये. शाळेच्या अंगणात एक मीटर उंचीची सरळ काठी रोवावी आणि जूनपासून आठवड्यातून एकदा तिची माध्यान्हीची सावली मुलांकडून मोजून घ्यावी. पुण्याच्या अक्षांशावर शाळा उघडताना, म्हणजे जूनच्या मध्यास, ही सावली जेमतेम आठ सेंटिमीटर भरते आणि ती दक्षिणेकडे पडते. मुलेच काय, मोठी माणसेही हे ऐकून चकित होतात. दक्षिणायन सुरू झाल्यावर ती आखूड होत जाते, एका दिवशी नाहीशी होते आणि नंतर उत्तरेकडे वाढू लागते. सप्टेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात ती सुमारे तेहतीस सेंटिमीटर होते, तर डिसेंबरअखेरीस नव्वदच्या घरात जाते. सबंध महाराष्ट्र कर्कवृत्ताच्या दक्षिणेस असल्यामुळे शून्य सावलीचा दिवस आपल्याकडे वर्षातून दोनदा येतो. मे महिन्यात येतो तेव्हा शाळेला सुटी असते आणि जुलै-ऑगस्टमध्ये येतो तेव्हा आभाळ भरलेले असते. निसर्गाने शिक्षण खात्याच्या वेळापत्रकाचा विचार केलेला दिसत नाही!

अशा सहा महिन्यांच्या नोंदी वहीत जमल्या म्हणजे मग चित्रफीत लावावी, आणि तीही सलग नव्हे. मध्येच थांबवून 'आता आपल्या काठीची सावली कोठे पडेल?' असे विचारावे. मुलांना अंदाज बांधू द्यावा, चुकू द्यावे. चार मिनिटांच्या फितीसाठी आधी पाच आणि नंतर दहा मिनिटे द्यावी लागतील. तेवढा वेळ नसेल तर त्या दिवशी संच न लावलेला बरा.

दुसरी कल्पना भाषेच्या तासाची. भ्रमणध्वनी मुलांना ऐकविण्यासाठीच आहे, असा आपला समज झाला आहे. वास्तविक त्याला कानही आहेत. मुलांच्या घरी अहिराणी, वऱ्हाडी, गोंडी, वारली अशा अनेक बोली बोलल्या जातात. गावातील एखाद्या आजींना वर्गात बोलवावे आणि त्यांची अनुमती घेऊन जात्याविषयी, औताविषयी, बी राखण्याच्या रीतीविषयी त्या जे सांगतील ते ध्वनिमुद्रित करावे. मुलांनी ते पुनःपुन्हा ऐकून लिहून काढावे आणि शेजारी प्रमाण मराठीतील शब्द लिहावेत. श्रुतलेखन होते, शब्दसंग्रह वाढतो आणि आपल्या घरची भाषा शाळेत चालते हे मुलांना कळते. वर्गात वर्षभर मौन धरून बसलेली मुलगी अशा वेळी अचानक दुभाषी होते. हे मी स्वतः पाहिले आहे.

गणितासाठी पाऊस घ्यावा. एक चौरस मीटर जागेवर एक मिलिमीटर पाऊस पडला म्हणजे एक लिटर पाणी पडले. शाळेचे छप्पर दहा मीटर लांब व सहा मीटर रुंद असेल, तर दहा मिलिमीटर पावसात त्यावर सहाशे लिटर पाणी पडते. सरळ कडांचे भांडे व मोजपट्टी एवढ्यावर मुले पावसाची नोंद ठेवू शकतात. हिवरेबाजारने गावाच्या पाण्याचा ताळेबंद मांडून दाखविलाच आहे. मुलांचा हा तक्ता ग्रामसभेत मांडावा, अशी माझी सरपंचांना विनंती आहे.

द्विशिक्षकी शाळांतील शिक्षकांची अडचण मी जाणतो. दोन वर्ग एका वेळी सांभाळावयाचे तेव्हा, एका वर्गास पडद्यासमोर बसवून दुसऱ्यास शिकवावे, हा मोह होतो. त्याला सरसकट दोष देण्याचे माझे धाडस नाही. मात्र पडद्यासमोर बसणाऱ्या मुलांच्या हाती एखादे काम असावे आणि वरच्या इयत्तेतील मुलाने त्या चर्चेचा म्होरक्या व्हावे. मात्र शिक्षकाची रिक्त जागा संचाने भरली, असे कोणी कागदावर दाखवू लागल्यास त्यास स्पष्ट विरोध केला पाहिजे.

शेवटी पंचायत सदस्यांशी थोडे हितगुज. लोकवर्गणीतून संच घेणे हा आनंदाचा प्रसंग असतो. नारळ फुटतो, छायाचित्र निघते, आम्ही ते छापतो. त्यानंतर विजेचे बिल थकते, जोडणी तुटते आणि संच मुका होतो. शाळेला मिळणाऱ्या सादिल रकमेत हे सारे भागत नाही, हे मुख्याध्यापकांना विचारून पाहा. शिक्षणहक्क कायद्याने (२००९) शाळा व्यवस्थापन समितीत तीन-चतुर्थांश पालक असावेत असे ठरविले आणि शाळा विकास आराखडा तयार करण्याचे काम त्या समितीकडे दिले. त्या आराखड्यात संचाच्या किमतीशेजारीच वीज, दुरुस्ती व जोडणी यांचा वार्षिक खर्च लिहिला जावा, तो कोण देणार हेही लिहिले जावे, आणि ग्रामपंचायतीने आपल्या विकास आराखड्यात त्याची दखल घ्यावी. ही तरतूद झाल्याखेरीज खरेदीचा ठराव करू नये, असे मी आग्रहाने सांगेन.

आणखी एक गोष्ट विसरता येणार नाही. २०२० मध्ये शाळा बंद झाल्या तेव्हा अनेक घरांत एकच भ्रमणध्वनी होता आणि तो सकाळी वडिलांबरोबर कामावर जाई. ऊसतोडीला जाणाऱ्या कुटुंबांचे तर सर्व बिऱ्हाडच दिवाळीनंतर हलते. त्या काळात सोलापुरातील नीलमनगरात घरांच्या भिंतींवर धडे रंगविण्यात आले, कारण भिंत प्रत्येकाला दिसते. घरी यंत्र आहे असे गृहीत धरून दिलेला गृहपाठ ज्या मुलाच्या घरी ते नाही त्याला वर्गाबाहेर ढकलतो. म्हणून प्रत्येक शिक्षकाने आपल्या पटावरील मुलांची नावे समोर ठेवून, कोणाकडे केव्हा साधन असते याची एक साधी यादी या आठवड्यातच करावी. गावोगावच्या याद्या एकत्र आल्या म्हणजे समितीला व पंचायतीला काय करावयाचे ते दिसेल.

माझ्या घड्याळात आता बारा वाजून वीस मिनिटे झाली आहेत. भारतीय प्रमाणवेळ ८२.५ अंश रेखांशावरील असल्यामुळे आपल्या भागात सूर्य माथ्यावर येण्यास साडेबारा उलटून जातात; गोंदियात तीच वेळ पुण्यापेक्षा सुमारे पंचवीस मिनिटे आधी येते. केंद्रप्रमुखांनी सकाळीच अंगणात काठी रोवून ठेवली आहे. चहा तेथेच मागवला आहे. मोजपट्टी कोणाजवळ असेल त्यांनी ती बरोबर घ्यावी.