केसांतील नोंद आणि अन्नसुरक्षेचे अर्थकारण



म्हैसूर येथील केंद्रीय अन्न तंत्रज्ञान संशोधन संस्थेची स्थापना ऑक्टोबर 1950 मध्ये झाली. अन्नभेसळ प्रतिबंधक कायदा, 1954 अन्वये केंद्रीय अन्न प्रयोगशाळा म्हणून कोलकाता, गाझियाबाद व पुण्याबरोबर म्हैसूरचीही निवड झाली. अशा प्रयोगशाळेत तपासला जातो तो अन्नाचा नमुना. तो एका दिवसाचा, एका दुकानातला असतो. खाणाऱ्याच्या शरीरात महिनोन्‌महिने काय गेले, हे त्यावरून कळत नाही. केस मात्र त्याची काही नोंद ठेवतात.

केस महिन्याला सुमारे 1 सेंटिमीटर वाढतो आणि वाढताना रक्तातील काही द्रव्ये धरून ठेवतो. मिथिल पारा व आर्सेनिक ही द्रव्ये केराटिन या प्रथिनातील गंधकयुक्त गटांशी जोडली जातात. मांस तीव्र आचेवर भाजताना तयार होणारे पीएचआयपी हे संयुग मेलॅनिन या रंगद्रव्याशी जोडले जाते. त्यामुळे तुलना करताना केसांचा रंग विचारात घ्यावा लागतो.

इराकमधील 1971-72 ची दुर्घटना या पद्धतीचे महत्त्व सांगते. मिथिल पाऱ्याचे बुरशीनाशक लावलेला बियाण्याचा आयात गहू ग्रामीण कुटुंबांनी दळून भाकरीसाठी वापरला. पोत्यांवरील इशारे परक्या भाषेत होते. 6,530 रुग्ण रुग्णालयांत दाखल झाले. त्यांपैकी 459 दगावले. केसाचे लहान तुकडे क्रमाने तपासून कोणत्या महिन्यात किती पारा शरीरात गेला, हे शास्त्रज्ञांना नंतर ठरविता आले.

अर्थशास्त्रात याला माहितीची विषमता म्हणतात. धोक्याची माहिती एका बाजूला राहते व किंमत दुसरी बाजू मोजते. ही किंमत बाजारभावात दिसत नाही, म्हणून मोजमापाचा खर्च शासनाने उचलणे समर्थनीय ठरते. केसांचा नमुना घेण्यास सुई लागत नाही, शीतसाखळीही लागत नाही; साध्या पाकिटातून तो दूरच्या खेड्यातून पाठविता येतो. खर्च येतो तो मुख्यतः उपकरणांवर व प्रशिक्षित मनुष्यबळावर.

पद्धतीला मर्यादाही आहेत. पश्चिम बंगालमधील आर्सेनिकग्रस्त भागात दूषित पाण्याने केस धुतले तरी आर्सेनिक त्यांना बाहेरून चिकटते. ते पोटातून आलेल्या आर्सेनिकपासून पूर्णपणे वेगळे करणे कठीण असते. म्हणून केसांच्या चाचणीला पाणी, अन्न व लघवीच्या तपासणीची जोड हवी.

पाऱ्याविषयीच्या मिनामाता कराराला भारताने 2018 मध्ये मान्यता दिली. मिथिल पारा गर्भाच्या मेंदूला सर्वाधिक अपाय करतो. त्यामुळे मासळी हे ज्यांचे नित्याचे अन्न आहे, अशा किनारी वस्त्यांतील गर्भवती स्त्रियांच्या चाचण्यांना अग्रक्रम देणे उचित होय. मासळी हे गरिबाचे स्वस्त प्रथिन आहे. तिच्याविषयी भीती पसरविणे हा उपाय नव्हे. कोणती मासळी, किती प्रमाणात सुरक्षित, हे लोकांना त्यांच्या भाषेत सांगणे हाच खरा उपाय होय.