सर्वांच्या मालकीची जमीन आणि आपली मुले

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त बेंगळुरूच्या इंदिरानगरात झालेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यातील भाषण)



शाळेपासून इतक्या दूर, कानडी मुलखात, आपण आज एकत्र बसून शाळेच्या आठवणी काढीत आहोत. अशा वेळी शाळेसमोरच्या मोकळ्या जागेचा विषय निघतोच. कबड्डीचे डाव, पंधरा ऑगस्टची कवायत, सुटीतली विटीदांडू, सारे तिथेच झाले. दोन वर्षांपूर्वी मी गावी गेलो, तेव्हा त्या जागेभोवती तारेचे कुंपण होते. ती जागा शाळेची होती, गावठाणातली होती की गायरानाचा तुकडा होता, हे मला सांगता येईना. बरोबरच्या वर्गमित्रांनाही सांगता आले नाही. कुंपण कदाचित रीतसर असेलही. पण दहा वर्षे जिच्यावर आपण वाढलो ती जागा कोणाची, हे आम्ही कधी विचारलेच नव्हते. मग हरकत घ्यायची तरी कशाच्या आधारावर? आजचे माझे बोलणे त्या खंतीतून निघाले आहे.

आपल्या भाषेत सामाईक जमिनीसाठी शब्दांची वाण नाही. गुरांसाठी गायरान, देवासाठी राखलेली देवराई, शेतावर जाण्यासाठी पाणंद. कानडीतही तीच समृद्धी आहे. तिथे गायरानाला ‘गोमाळ’ म्हणतात आणि गावाने मिळून राखलेल्या आंबा-जांभळाच्या राईला ‘गुंडुतोपु’. प्रत्येक शब्दात ती जमीन कोणाच्या उपयोगाची, हे सांगितलेले आहे. शहरात आल्यावर मात्र आपण ह्या सर्वांना एकच शब्द लावतो, ‘सरकारी’. आणि सरकारी म्हणजे कोणाचीच नव्हे, असा अर्थ मनाशी धरतो. मुलांच्या मनातून प्रथम हा अर्थ पुसला पाहिजे. सरकार अशा जमिनीचे विश्वस्त असते. धनी आपण सर्व असतो.

ह्याचा दाखला ह्याच शहरात आहे. सदाशिवनगरचा परिसर पूर्वी राजमहाल विलास विस्तार म्हणून ओळखला जाई. तेथील वसाहतीच्या मंजूर आराखड्यात एक जागा उद्यानासाठी राखलेली होती. पुढे ती एका खासगी न्यासाला रुग्णालयासाठी देण्यात आली. रहिवासी न्यायालयात गेले. उच्च न्यायालयाच्या एक सदस्यीय पीठाने त्यांची याचिका फेटाळली, खंडपीठाने मात्र त्यांची बाजू उचलून धरली, आणि 1991 साली सर्वोच्च न्यायालयाने रहिवाशांच्या बाजूने अंतिम निर्णय दिला. बी. एस. मुद्दप्पा यांच्या नावाने हा खटला कायद्याच्या अभ्यासकांना परिचित आहे. रुग्णालय ही वाईट गोष्ट नव्हे. पण सर्वांसाठी राखलेली मोकळी जागा एका खासगी संस्थेच्या स्वाधीन करता येत नाही, आणि तसे झाल्यास दाद मागण्याचा अधिकार रहिवाशांना आहे, हे त्या निर्णयाने स्पष्ट केले. माझ्या मते त्या रहिवाशांचे खरे बळ एका साध्या गोष्टीत होते. नकाशात ती जागा कशासाठी राखली आहे, हे त्यांना ठाऊक होते. आम्हा वर्गमित्रांना नेमके तेच ठाऊक नव्हते.

जमीन सार्वजनिक राहिली, तरी तिचा उपयोग बदलला की काही गमावले जाते, हेही मुलांना कळावे. आज जिथे केंपेगौडा बसस्थानक आहे, तिथे पूर्वी धर्मांबुधी तलाव होता. श्रीकंठीरव क्रीडांगण संपंगी तलावाच्या जागी उभे आहे. बसस्थानक आणि क्रीडांगण दोन्ही लोकांच्याच उपयोगाची आहेत. परंतु तलावाने पावसाचे पाणी साठवण्याचे जे काम केले असते, ते बसस्थानकाला करता येत नाही. म्हणून कोणतीही सार्वजनिक जागा पाहताना दोन प्रश्न विचारावेत: ही कोणाची, आणि हिचे काम कोणते?

हे मुलांना पुस्तकातून शिकवण्याची गरज नाही. एखाद्या रविवारी त्यांना हलसूरच्या तलावाकाठी न्यावे. पाणी कुठून येते, कुठे जाते, काठावर कोण कोण येऊन बसते, हे त्यांना पाहू द्यावे. इंदिरानगर ही आखून वसवलेली वसाहत आहे. तिचा नकाशा मुलांसमोर ठेवून उद्यान कोणते, नागरी सुविधेची जागा कोणती, हे त्यांना बोटाने दाखवायला सांगावे. मग नकाशातली जागा आणि प्रत्यक्षातली जागा चालत जाऊन ताडून पाहावी. सुटीत गावी गेल्यावर तलाठ्याकडे गायरानाचा सातबारा कसा असतो, तेही दाखवावे. मुलाला एकदा सीमा कळली की ती तो विसरत नाही.

आणखी एक गोष्ट सांगायला हवी, आणि ती आपल्यासारख्या सुस्थितीतल्या लोकांना थोडी बोचेल. उद्यान सर्वांचे म्हणजे केवळ भोवतालच्या घरमालकांचे नव्हे. आपल्या घरी कामाला येणाऱ्या बाईंचा मुलगा झोपाळ्यावर आपल्या नातवाच्या आधी बसला, तर तो त्याचा हक्क आहे. ‘इथे खेळू नये’ ही पाटी लावताना आपण कोणाची जागा आवळतो आहोत, ह्याचा विचार आपणच केला पाहिजे. जे आपण बाहेरच्या अतिक्रमणाविषयी बोलतो, ते आपल्या आतल्या अतिक्रमणालाही लागू आहे.

भारतीय राज्यघटनेच्या 51-क ह्या अनुच्छेदात नागरिकांची मूलभूत कर्तव्ये सांगितली आहेत. वने, सरोवरे, नद्या ह्यांचे जतन आणि सार्वजनिक मालमत्तेचे रक्षण ही दोन्ही त्यांत आहेत. आपण ती शाळेत पाठ केली होती आणि त्यांवर गुणही मिळवले होते. समोरच्या मैदानाशी मात्र त्यांचा संबंध जोडला नव्हता.

म्हणून हीरक महोत्सवाच्या निमित्ताने शाळेकडे माझे एकच मागणे आहे. दरवर्षी एका वर्गाने गावातल्या सार्वजनिक जागांची यादी करावी: गायरान, ओढा, पाणंद, मैदान, स्मशानभूमी. कोणती जागा कोणाच्या नावावर, किती क्षेत्राची, आज कोणत्या अवस्थेत, एवढेच लिहावे आणि ती वही ग्रंथालयात ठेवावी. पुढे एखादा माजी विद्यार्थी कुंपणापाशी उभा राहील, तेव्हा त्याला माझ्यासारखे निरुत्तर व्हावे लागणार नाही.