पहिल्या तासाची तालीम

(दहावी उत्तीर्ण विद्यार्थ्यांच्या सत्कार समारंभात केलेले भाषण)



गुणवंतांचा सत्कार झाला, पेढे वाटून झाले. माझ्या आधी बोललेल्या मान्यवरांनी तुमचे कौतुक केले, त्यात मी आणखी भर घालत नाही. मला बोलायचे आहे ते अगदी लहानशा गोष्टीविषयी. काही आठवड्यांनी तुम्ही अकरावीच्या वर्गात जाऊन बसाल, पहिल्या तासाची घंटा होईल आणि एक अनोळखी प्राध्यापक आत येऊन बोलू लागतील. त्या पहिल्या तासासाठी तुमची कोणती तयारी झालेली असेल?

नवे कपडे शिवून होतील, बॅग येईल, कदाचित नवा मोबाइलही येईल. पालक हौसेने हे सारे करतात आणि त्यात गैर काही नाही. परंतु या वस्तूंनी पहिला तास निभावत नाही. तो कशाने निभावतो, हे सांगण्यापूर्वी एका मुलाची हकिकत सांगतो.

काही वर्षांपूर्वी उर्दू माध्यमातून दहावी झालेला हा मुलगा. विज्ञानात उत्तम गुण. तालुक्याच्या गावी विज्ञान शाखेत प्रवेश मिळाला, घरात आनंदीआनंद झाला. दीड-दोन महिन्यांनी तो मला बाजारात, मामाच्या दुकानात मोबाइल दुरुस्त करताना दिसला. मी विचारले, तर मान खाली घालून म्हणाला, "सर, जमत नाही. काय बोलतात तेच कळत नाही." कॉलेजात काय शिकवत होते म्हणून चौकशी केली. धडा होता न्यूटनच्या गतिविषयक नियमांचा, म्हणजे त्याने नववीतच शिकलेला! मी म्हटले, "कुव्वत, कमियत आणि इसरा यांचा संबंध सांग." त्याने दुकानात उभ्या उभ्या घडाघडा सांगितला. वर्गात मात्र त्याच गोष्टींना 'फोर्स', 'मास' आणि 'ॲक्सिलरेशन' म्हणत होते. त्याच्यापाशी ज्ञान होते, फक्त त्या ज्ञानाचे नवे नाव त्याला ठाऊक नव्हते. तेवढ्यासाठी मुलाने कॉलेज सोडले आणि त्या वर्षी तो परत गेला नाही.

बंधूंनो, आपल्या समाजात असे किती जण वाटेत गळतात याचा विचार करा. सच्चर समितीने २००६ साली अहवाल दिला. त्यात म्हटले होते की देशात वीस वर्षांवरील लोकांत पदवी किंवा पदविका घेतलेले सुमारे ७ टक्के आहेत, पण मुसलमानांत हे प्रमाण ४ टक्क्यांहूनही कमी आहे. त्यानंतर शाळा वाढल्या, मुली शिकू लागल्या, ही समाधानाची गोष्ट आहे. तरीही केंद्र सरकारच्या २०२०-२१ च्या उच्च शिक्षणाच्या पाहणीत मुसलमान विद्यार्थ्यांचा वाटा ४.६ टक्के एवढाच आढळला. २०११ च्या जनगणनेनुसार लोकसंख्येतील आपला वाटा १४.२ टक्के आहे. या तफावतीमागे गरिबी आहे, अंतर आहे, आणखी पुष्कळ कारणे आहेत. ती सगळी तुमच्या-माझ्या हातातली नाहीत. पण शब्द कळत नाहीत म्हणून गळणारे मूल थांबवणे मात्र नक्कीच आपल्या हातात आहे.

'तालीम' हा शब्द आपल्या दोन्ही भाषांत आहे. उर्दूत तालीम म्हणजे शिक्षण. मराठीत पहिलवान तालमीत घाम गाळतो आणि नाटकवाले पडदा वर जाण्यापूर्वी तालीम करतात. मूळ शब्द एकच, अरबी. माझे म्हणणे एवढेच आहे की, उर्दूतल्या तालमीसाठी मराठीतली तालीम करा. पहिल्या तासाचा आधी सराव करा.

त्यासाठी वेळ आहे का? भरपूर आहे. २०२५-२६ पासून अकरावीचे प्रवेश साऱ्या राज्यात ऑनलाइन झाले. त्या पहिल्या वर्षी दहावीचा निकाल १३ मे रोजी लागला आणि अकरावीचे वर्ग सुरू व्हायला ऑगस्ट उजाडला. प्रवेशाच्या फेऱ्यांची वाट पाहण्यात आठवड्यांमागून आठवडे जातात. हे दिवस मोबाइलवर बोट फिरवण्यात घालवायचे की तालमीत, हे तुम्ही ठरवायचे आहे.

आता तालीम कशी करायची ते सांगतो. आपली दहावीची पुस्तके बालभारतीची आहेत. तेच धडे, त्याच आकृत्या, तीच उदाहरणे उर्दू, मराठी आणि इंग्रजी पुस्तकांत असतात. बालभारतीच्या संकेतस्थळावर ती विनामूल्य मिळतात. शेजारच्या इंग्रजी माध्यमाच्या मुलाकडूनही मागून आणता येतील. तुमचे जुने पुस्तक आणि तेच इंग्रजी पुस्तक शेजारी शेजारी उघडा. जो धडा तुम्हाला पाठ आहे, तोच इंग्रजीत वाचा. अर्थ आधीच ठाऊक असल्याने शब्दकोश फारसा लागणार नाही. रोज वीस शब्द वहीत उतरवा. महिन्यात सहाशे होतील. थेंबे थेंबे तळे साचे म्हणतात ते असेच.

हे करताना एक गंमत ध्यानात येईल. वनस्पती सूर्यप्रकाशात अन्न तयार करतात त्या क्रियेला उर्दूत 'जियाई तालीफ' म्हणतात. जिया म्हणजे उजेड, तालीफ म्हणजे जुळवणे. मराठीत तीच क्रिया 'प्रकाशसंश्लेषण'. इंग्रजीत 'फोटोसिंथेसिस', त्यातही फोटो म्हणजे प्रकाश आणि सिंथेसिस म्हणजे जुळवणी. तिन्ही शब्द एकच गोष्ट सांगतात! वाणिज्य शाखेला जाणाऱ्यांनीही घाबरू नये. ज्यांच्या घरी दुकान आहे त्यांनी 'डेबिट' म्हणजे नावे, 'क्रेडिट' म्हणजे जमा, 'जर्नल' म्हणजे रोजकीर्द आणि 'लेजर' म्हणजे खातेवही एवढे लक्षात ठेवले, तर पहिला धडा घरचाच वाटेल. आणि गणिताच्या तासाला 'अल्जिब्रा' हा शब्द ऐकाल तेव्हा दबून जाऊ नका. तो अरबी 'अल्-जब्र' या शब्दावरून आला आहे आणि तो अल्-ख्वारिज्मी या विद्वानाच्या नवव्या शतकातील ग्रंथाच्या नावात आहे. हा शब्द तुमच्या ओळखीच्या मुलखातून निघून इंग्रजीत गेलेला आहे.

कोणी म्हणेल, उर्दू-मराठीत शिकलेल्याने इंग्रजी कॉलेजात कसे टिकावे? बद्रुद्दीन तय्यबजी यांचे उदाहरण घ्या. १८४४ साली जन्मलेल्या या मुलाचे पहिले शिक्षण मदरशात, उर्दू-फारसीत झाले. पुढे तो एल्फिन्स्टनमध्ये गेला, मग विलायतेला. १८६७ साली तो बॅरिस्टर झाला आणि पुढे मुंबई उच्च न्यायालयाचा न्यायाधीशही झाला. १८७४ साली मुंबईत अंजुमन-इ-इस्लाम स्थापन करणाऱ्यांत तेच प्रमुख होते. त्यांच्या घरी सुबत्ता होती, हे मान्य. पण नवी भाषा शिकण्याचे कष्ट पैशाने टळत नाहीत, ते ज्याचे त्यालाच करावे लागतात.

विद्यार्थी मित्रांनो, आता वर्गातल्या चार गोष्टी सांगतो.

पहिली, शाळेत आम्ही फळ्यावर लिहीत असू आणि तुम्ही उतरवून घेत असा. कॉलेजात प्राध्यापक बोलत जातात, लिहून घेण्याचे काम तुमचे. न कळलेला शब्द आला की पेन थांबवू नका. कानाला जसा लागला तसा आपल्या लिपीत लिहा, त्याभोवती गोल करा आणि पुढे चला. संध्याकाळी गोल केलेले शब्द पुस्तकात शोधा. पहिल्या दिवशी चाळीस गोल होतील, महिनाअखेर दहा उरतील. याची तालीम आजच घरी करा. इंग्रजी बातम्या दहा मिनिटे लावा आणि लिहिण्याचा प्रयत्न करा.

दुसरी, मागचा बाक धरू नका. आपली मुले संकोचाने मागे बसतात आणि मागे बसलेल्याला ऐकू कमी येते, मग समजते कमी. पुढच्या दोन बाकांत बसा.

तिसरी, एक प्रश्न तयार ठेवा. इंग्रजीत जमला तर उत्तम, नाही तर मराठीत विचारा. तास संपल्यावर प्राध्यापकांजवळ जाऊन विचारला तरी चालेल. मी स्वतः शिक्षक आहे म्हणून सांगतो, विचारणारा विद्यार्थी आम्हाला आवडतो.

चौथी, विज्ञान शाखेत प्रयोगशाळेला कमी लेखू नका. बारावीला भौतिकशास्त्र, रसायनशास्त्र आणि जीवशास्त्रात लेखी परीक्षा ७० गुणांची आणि प्रात्यक्षिक ३० गुणांचे असते. हाताने केलेले काम भाषेअभावी अडत नाही.

पालकांनो, आता आपल्याकडे वळतो. पहिल्या दिवसाआधी दोन कामे आपली आहेत.

एक काम कागदपत्रांचे. शाळा सोडल्याचा दाखला, गुणपत्रिका आणि आधार कार्ड हे तिन्ही समोर ठेवून मुलाचे नाव एकेक अक्षर ताडून पाहा. आपल्यात 'मोहम्मद' एका कागदावर पूर्ण आणि दुसऱ्यावर आखडलेले असते. एकीकडे 'शेख' आधी, तर दुसरीकडे शेवटी असतो. पुढे शिष्यवृत्तीचा अर्ज याच फरकामुळे अडकतो. चूक दिसली तर लगेच शाळेत या. मंडळाकडे दुरुस्तीचा अर्ज शाळेमार्फतच जातो. प्रत्येक कागदाच्या चार-पाच झेरॉक्स प्रती काढून एका फाइलमध्ये ठेवा.

दुसरे काम रस्त्याचे. वर्ग सुरू होण्याआधी एकदा मुलाला, आणि मुलीला तर अवश्य, त्याच वेळेच्या एस. टी.ने कॉलेजपर्यंत नेऊन आणा. गाडी कुठे थांबते, परतीची शेवटची गाडी कोणती, हे डोळ्यांनी पाहिले की घरच्यांची निम्मी काळजी मिटते. मुलींना बारावीपर्यंत एस. टी.चा पास मोफत आहे. तेव्हा 'भाड्याला पैसे नाहीत' म्हणून मुलीचे नाव काढायची वेळ येऊ नये.

आणि एक विनंती. आपल्या कोकणातल्या पुष्कळ घरांत वडील आखातात किंवा जहाजावर असतात, घरचा सारा भार अम्मीवर असतो. अब्बांचा फोन येतो, ते विचारतात, "कॉलेज कसे आहे?" मुलगा म्हणतो, "ठीक आहे." विषय संपला! त्याऐवजी विचारा, "आज काय कळले नाही?" आणि न कळलेले सांगितले म्हणून रागावू नका. जो मुलगा न कळलेले घरी सांगू शकतो, तो कॉलेज सोडून दुकानात जाऊन बसत नाही. संध्याकाळचे दोन तास त्याला दुकानातून, आणि तिला चुलीपासून, मोकळे करा. पाहुणे आले तरी ते दोन तास मोडू नका.

शेवटी संस्थेच्या पदाधिकाऱ्यांना एक सूचना नम्रपणे करतो. हे सभागृह संध्याकाळी रिकामे असते. वर्ग सुरू होण्यापूर्वी पंधरा दिवस, रोज दोन तास ते या मुलांना द्यावे. मागच्या वर्षी अकरावी केलेली आपलीच मुले येतील आणि आपल्या वह्या, आपले गोल केलेले शब्द यांना दाखवतील. आम्ही शिक्षक विनामोबदला बसू. खर्च काय तो दिव्याचा आणि चहाचा. जुनी पुस्तके जमवून एक कपाटही भरता येईल.

मित्रांनो, पहिल्या दिवशी थोडी धडधड होईलच. ती सगळ्यांनाच होते, इंग्रजी शाळेतून आलेल्यांनाही होते. पण ज्याने तालीम केली आहे, त्याला न कळलेल्या शब्दाभोवती गोल करून पुढे जाता येते. या वर्षी आपल्यापैकी एकही मूल केवळ शब्दांपायी परत येऊ नये, एवढीच इच्छा व्यक्त करतो आणि माझे दोन शब्द संपवतो.