गोडाऊनमधून डिग्री: सेकंड शिफ्ट, ईएमआय आणि खोक्यांचं गणित

(एपिसोडचा मजकूर. बोलण्याच्या ओघातले "म्हणजे" आणि "ना" थोडे कमी केलेत, बाकी जसं बोललो तसं.)

आज कुणी पाहुणा नाही, मी एकटाच आहे. मागच्या भागानंतर बऱ्याच जणांच्या व्हॉइस नोट आल्या आणि जवळपास सगळ्यांचा प्रश्न एकच: "दादा, नोकरी सोडता येत नाही, सप्लाय चेनची ऑनलाइन डिग्री करू का?" मी स्वतः सध्या तिसऱ्या सेमिस्टरला आहे. त्यामुळे हो की नाही हे सांगण्यापेक्षा माझं काय झालं तेच सांगतो. त्यात एक मूर्खपणाही आहे, तो आधी सांगून टाकतो.

मी भिवंडीत एका गोडाऊनला डिस्पॅच सुपरवायझर आहे. बी.कॉम. झालो आणि पिकर म्हणून लागलो. स्कॅनर हातात घेऊन रॅकमधून माल काढायचा, एवढंच काम. चार वर्षांत सुपरवायझर झालो. पुढची जागा इन्व्हेंटरी प्लॅनरची, आणि तिथे एचआरने सरळ सांगितलं की मॅनेजमेंटची पदव्युत्तर डिग्री लागेल. मला माल कळतो, गाड्या कळतात, कुठला हमाल कुठल्या गाडीवर लावायचा ते कळतं. पण कागद नाही.

मग काय, रात्री घरी आल्यावर फोनवर सर्च केलं, एका ठिकाणी नंबर टाकला. दहा मिनिटांत फोन! "सर, आज शेवटचा दिवस आहे, उद्यापासून फी वाढतेय." फी १ लाख ७० हजार, दोन वर्षं, "नो कॉस्ट ईएमआय". लिंक आली, आधार टाकलं, ओटीपी सांगितला, झालं अॅडमिशन. माझा पगार तेव्हा २४ हजार आणि हप्ता ७ हजारांच्या वर. घरात आईची औषधं, मुलगी दीड वर्षाची. बायकोला मी सकाळी सांगितलं. ती काही बोलली नाही, फक्त म्हणाली, "सही कुठे केलीस ते वाचलंस का?"

वाचलं नव्हतं. वाचलं तेव्हा कळलं की ते फीचे हप्ते नव्हतेच. एका फायनान्स कंपनीचं माझ्या नावावर कर्ज होतं. कोर्स सोडला तरी कर्ज चालूच राहणार. मग तिसरी गोष्ट बघितली, जी खरं तर सगळ्यात आधी बघायला हवी होती. यूजीसीचा दूरशिक्षण विभाग आहे, डीईबी म्हणतात त्याला. कुठल्या विद्यापीठाला कुठला ऑनलाइन कोर्स चालवायची मान्यता आहे, ते त्यांच्या वेबसाइटवर असतं. मला सांगितलेलं विद्यापीठ यादीत होतं, पण दुसऱ्या कोर्सेससाठी. माझा कोर्स त्या सत्राच्या यादीत नव्हता.

हे नीट ऐका, कारण लोक इथेच फसतात. नुसतं विद्यापीठाचं नाव बघून उपयोग नाही. विद्यापीठ, कोर्सचं नेमकं नाव आणि सत्र, तिन्ही जुळलं पाहिजे. आणि ऑनलाइन डिग्रीसाठी फ्रँचायझी चालत नाही, प्रवेश विद्यापीठच देतं. फोनवरचा माणूस फार तर माहिती देणारा, अॅडमिशन देणारा तो नव्हे. २०२४ पासून स्वतःचा डीईबी आयडी काढावा लागतो, त्याला आधी अकॅडमिक बँक ऑफ क्रेडिट्सचा आयडी लागतो. "आम्हीच काढून देतो, तुम्ही फक्त ओटीपी सांगा," असं कुणी म्हणालं तर फोन ठेवून द्या.

माझं नशीब एवढंच की डिजिटल कर्जाला रिझर्व्ह बँकेच्या नियमाप्रमाणे कूलिंग-ऑफ नावाची मुदत असते. त्या काळात मुद्दल आणि तेवढ्या दिवसांचं व्याज देऊन, दंड न भरता बाहेर पडता येतं. माझ्या करारात ती तीन दिवसांची होती. तिसऱ्या दिवशी दुपारी, जेवणाच्या सुट्टीत, गाळ्याच्या मागे उभं राहून मी तो मेल पाठवला. कर्ज रद्द झालं. रजिस्ट्रेशनचे २,५०० रुपये गेले ते गेलेच.

सहा महिन्यांनी, यादी तपासून, दुसऱ्या विद्यापीठात रीतसर प्रवेश घेतला. फी सेमिस्टरप्रमाणे भरतो, कर्ज नाही. मान्यता असेल तर ऑनलाइन डिग्री यूजीसीच्या नियमाने नेहमीच्या डिग्रीच्या बरोबरीची धरली जाते. म्हणून परीक्षाही खरीच असते. इंटर्नलला जास्तीत जास्त ३० टक्के, बाकी सगळं सत्राच्या शेवटच्या परीक्षेवर. "ऑनलाइन आहे, होऊन जाईल" असं मलाही वाटलं होतं. पहिल्या सेमिस्टरला स्टॅटिस्टिक्समध्ये नापास झालो. सेकंड शिफ्ट रात्री अकराला सुटते, घरी येऊन लेक्चर लावलं की स्टँडर्ड डेव्हिएशनच्या आधी डोळा लागायचा. मग सकाळी साडेपाचला उठायला लागलो. मुलगी उठेपर्यंतचा तो एक तास, तेवढाच माझा.

आता शिकलो काय, तर खोक्यांचं सांगतो. आमच्याकडे पॅकिंगचे कोरुगेटेड बॉक्स संपले की लाइन थांबते, म्हणून साहेबांचा नियम: साठा २,००० वर आला की ऑर्डर टाका. का २,०००? तर आधीपासून तसंच आहे. अर्धा गाळा खोक्यांनीच भरलेला असायचा आणि आम्ही माल ठेवायला जागा शोधत फिरायचो.

मी तीन महिन्यांचे आकडे काढले. रोज सरासरी २०० बॉक्स जातात, कमी-जास्त साधारण ५० चं, म्हणजे स्टँडर्ड डेव्हिएशन ५०. पुरवठादार चार दिवसांत देतो. ९५ टक्के वेळा माल संपू नये असं हवं असेल तर १.६५ गुणिले ५० गुणिले चारचं वर्गमूळ. उत्तर १६५, हा सेफ्टी स्टॉक. चार दिवसांचे ८०० अधिक १६५ म्हणजे ९६५ वर ऑर्डर टाकायची. २,००० कुठे आणि ९६५ कुठे! मी खूश. साहेबांना शीट दाखवली, ते म्हणाले, "करून बघ."

दुसऱ्याच महिन्यात गाडी मानकोलीला ट्रॅफिकमध्ये अडकली, माल सहाव्या दिवशी आला आणि लाइन दोन तास बंद. सगळ्यांसमोर ऐकून घ्यावं लागलं. "एमबीए साहेब" हे नाव तेव्हा पडलं, अजून गेलेलं नाही. [हसतो]

चूक कुठे होती? मी खोक्यांची मागणी मोजली, पुरवठादाराचा उशीर मोजलाच नाही. चार दिवस म्हणजे कधी तीन, कधी पाच. तो एक दिवसाचा फरक सूत्रात घातला की सेफ्टी स्टॉक १६५ चा थेट ३६९ होतो. दुपटीच्या वर! म्हणजे आमची जागा खोकी खात नव्हती, गाडीची अनिश्चितता खात होती. मग आम्ही ऑर्डर १,१७० वर टाकायला लागलो आणि पुरवठादाराला गाडी सकाळी सातच्या आत पाठवायला लावली. पुस्तकात दोन्ही गोष्टी होत्या. मी पहिलं पान वाचून उठलो होतो.

असंच जीएसटीचं. १ जुलै २०१७ च्या आधी दुसऱ्या राज्यात माल विकला की केंद्रीय विक्रीकर लागायचा, म्हणून कंपन्या प्रत्येक राज्यात स्वतंत्र डेपो ठेवायच्या. जीएसटी आल्यावर ते कारण गेलं आणि छोटे डेपो बंद करून मोजक्या ठिकाणी मोठी गोडाऊनं घेणं परवडायला लागलं. मी ज्या गाळ्यात रोज उभा असतो तो एवढा मोठा का, हे मला लेक्चरमध्ये कळलं. हसू आलं खरं तर.

ज्यांना डिग्रीचा कागद लगेच नकोय, आधी विषय झेपतो का ते बघायचंय, त्यांनी एनपीटीईएलवर आयआयटीच्या प्राध्यापकांची लेक्चर बघा. फुकट आहेत, परीक्षेला बसायचं तरच फी. एमआयटीचा सप्लाय चेनचा मायक्रोमास्टर्सही आहे, पाच कोर्स आणि शेवटी एक मोठी परीक्षा. त्यातलं गणित कडक आहे आणि ती डिग्री नाही, पण शिकवतात फार छान. मला आधी कुणी हे सांगितलं असतं तर स्टॅटिस्टिक्समध्ये गटांगळी खाल्ली नसती.

पगार वाढला का, हे विचारणारच तुम्ही. नाही वाढला. प्लॅनरची जागा मागच्या वर्षी बाहेरून भरली, कारण माझी डिग्री अर्धवट होती. वाईट वाटलं, दोन दिवस पुस्तक उघडलं नाही. नवा प्लॅनर चांगला मुलगा आहे, माझी खोक्यांची शीट तोच वापरतो. डिसेंबरमध्ये भिवंडीतच दुसरा गाळा सुरू होतोय, तिथे परत जागा निघणार म्हणतात. तोवर माझं तिसरं सेमिस्टर संपेल.

ती शीट मराठीत नावं टाकून खाली लावतोय. पिवळ्या रकान्यांत फक्त तुमचे आकडे भरा. पुरवठादाराच्या उशिराचा रकाना रिकामा सोडू नका. चला, कंपनीची बस आली.