तवाच का?

आपल्या गटातल्या दोघी यंदा १७ नंबरचा फॉर्म भरून दहावीला बसल्यात. गाडी अडलीय ती कवितेच्या रसग्रहणापाशी. एकीनं लिहिलं, 'कविता फार छान आहे. संसाराचं सुंदर वर्णन केलं आहे.' बाई गं, हे तर कविता न वाचताही लिहिता येतं!

बहिणाबाई चौधरींचंच घ्या. त्या संसाराला चुलीवरच्या तव्याची उपमा देतात. आधी आपलं म्हणणं एका वाक्यात मांडा: कष्ट सोसल्याशिवाय संसारात सुख नाही, असं त्या सांगतात. मग पुरावा, म्हणजे तो तवा. आणि आता खरं काम. तवाच का? घागर का नाही, जातं का नाही? कारण ज्या तव्यानं हात पोळतो, त्याच्यावरच भाकरी भाजते. चटका आणि घास एकाच जागी. हे 'का' लिहिलं की उत्तरात जीव येतो. बहिणाबाईंना लिहिता-वाचता येत नव्हतं, उपमा चुलीपुढचीच आहे, हेही एका ओळीत जोडा. सगळं चरित्र लिहीत बसू नका.

हातावर चटक्यांचे डाग आपल्याही आहेत, तेव्हा घाबरायचं कशाला? दोघींनी उद्या दुपारी वही घेऊन यावं. 'छान' खोडून तिथं काय लिहिलंय, ते बघू.